वाघ कधी उठतो?

संक्रांतीला मुलगा, सून आणि अडीच वर्षांची नात इरा बडोद्याला येणार म्हटल्यावर घरात दोन कामं निघाली. एक तिळगुळाचं. ते डोळे मिटून होतं. दुसरं इराला कमाटीबागेत नेऊन वाघ दाखवण्याचं. त्यावर आमच्या घरी जेवढा खल चालला आहे तेवढा मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

कमाटीबाग म्हणजे सयाजीबाग. पाटीवर सयाजीबाग असलं तरी रिक्षावाल्याला आम्ही कमाटीबागच सांगतो. विश्वामित्रीच्या काठची ही शंभर एकरांहून मोठी बाग 1879 सालची, तिसऱ्या सयाजीराव महाराजांची. तेव्हा महाराजांचं वय सोळा. कारभार दिवाण सर टी. माधवरावांच्या हाती होता, महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले ते 1881 च्या डिसेंबरात. म्हणजे राज्य ताब्यात यायच्या आधीच या मुलाच्या नावे बाग झाली, आणि बागेत वाघ-सिंह. तेव्हा आमच्या घरी अडीच वर्षांच्या मुलीच्या शब्दावर सगळं हलतं, यात फार काही नवल नाही.

इराची मागणी व्हिडिओ कॉलवर नोंदवून घेतली आहे. वाघ, सिंह, हत्ती, माकड, मगर आणि ‘पानघोला’. क्रम हाच, आणि वाघ पहिला म्हणजे पहिलाच. ही यादी कुठून येते ते सांगायला नको. पुठ्ठ्याच्या जाड पानांचं कुठलंही पुस्तक उघडा, हीच मंडळी हजर असतात. नीलगाय बडोद्याच्या वेशीबाहेरच्या शेतांत हिंडते, पण पुस्तकात नाही, म्हणून इराच्या लेखी ती नाहीच. खवल्या मांजर कुणाच्या खिजगणतीत नाही. प्राण्यांमध्येही घराणी असतात म्हणायची.

हत्तीचं प्रकरण तर अवघडच. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 साली हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायला सांगितलं. त्यांना हिंडायला लागते तेवढी जागा शहरातल्या बागेत मिळत नाही, हे कारण. कारण रास्त आहे, पण ते इराला कोण सांगणार? आमच्या ह्यांनी तोड काढली, “हाथीखान्यात नेऊ की!” बडोद्याचा हाथीखाना म्हणजे धान्याचा घाऊक बाजार. गायकवाडांचे हत्ती गेले, मागे नाव राहिलं आणि गव्हाची पोती. एके काळी याच गावात साठमारी व्हायची, हत्ती झुंजवले जायचे आणि बघायला सारा गाव लोटायचा. ती बंद झाली हे बरंच झालं. हत्तीची सोय मात्र व्हायची राहिलीच आहे, त्यामुळे तूर्त त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे.

बाकीच्यांचं वेळापत्रक बसवायला म्हणून मी वही घेतली आणि तिथे खरी मेख कळली. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास पडून असतो. वाघाची वर्दळ पहाटे आणि दिवेलागणीला. पाणघोडा दिवसभर पाण्यात, चरायला बाहेर पडणार रात्री. मधल्या वेळात दर चार-पाच मिनिटांनी श्वास घ्यायला नाकपुड्या वर काढतो, कान फडफडवतो आणि परत गडप होतो. चार-पाच मिनिटं म्हणजे आपल्याला काही नाही. अडीच वर्षांच्या बाईंना तेवढ्यात भूक लागते, शू लागते, चपलेत खडा जातो आणि घरी जायचं असतं.

आता इराचा दिवस. सकाळी साडेसातला उठते. दूध, मग रुसवा, मग आंघोळ. दहा ते बारा प्रकृती उत्तम. साडेबाराला भात, एकला झोप, तीनला उठल्यावर अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही, हा नियम. म्हणजे ती जागी असते तेव्हा वाघ झोपलेला आणि वाघाला तरतरी येते तेव्हा बागेचं फाटक बंद. दोघांच्या पत्रिका मांडून बसले, छत्तीसातले जेमतेम अकरा गुण जुळले. एवढ्यावर कुणी मुलगी देत नाही.

हे म्हणतात मी उगाच डोकं चालवते. इराचा बाप तिच्याएवढा होता तेव्हा ह्यांनी काही न ठरवता त्याला नेलं होतं, मे महिन्यात, भर दुपारी. पिंजऱ्यात सिंह उताणा झोपलेला, ह्यांच्या खांद्यावर मुलगा झोपलेला. समोरासमोर दोघे घोरत होते आणि मध्ये हे घामाघूम, बटाट्याच्या वेफर्सची पिशवी धरून. “पाहिला की त्याने सिंह,” असं ह्यांचं अजून ठाम म्हणणं आहे.

मुलांना वाघ-सिंह दाखवायला नेलं तरी ती खारीतच रमतात, कावळ्यामागे धावतात, असं पुष्कळजण कौतुकाने सांगतात. असतीलही तशी मुलं. आमची इरा तशी नाही. गेल्या दिवाळीत आली होती तेव्हा तिला चिमण्या दाखवल्या, खार दाखवली, मोर दाखवला. मोराला तिने “हो” म्हटलं, पाहुण्यांना म्हणतो तसं, आणि लगेच “वाघ?” वाघ झोपलेला होता. झाडाखाली, पाठ आमच्याकडे करून. ती कठड्याशी उभी राहिली. हे कठडे मोठ्या माणसांच्या कमरेच्या हिशेबाने बांधलेले असतात. तिच्या नाकासमोर आली ती नेमकी आडवी नळी, रंगाचे पोपडे निघालेली. कडेवर घेतलं तर मधे जाळी. मान वाकडी करून, एक डोळा मिटून तिने जाळीच्या एका चौकोनातून वाघाची शेपटी धरली. म्हणजे नजरेने. शेपटीचं काळं टोक मधूनच एकदा जमिनीवर आपटायचं, तेवढीच काय ती हालचाल. इरा प्रत्येक वेळी श्वास रोखायची. तिचा बाप कंटाळला, मी कंटाळले, ती नाही.

तेवढ्यात कॉलेजची चार-पाच पोरं आली. “ए ऊठ ना!” करून शिट्ट्या, टाळ्या, एकाने तर खडा उचललाच. राखणदाराने त्यांना तिथल्या तिथे झापलं आणि मग आमच्याकडे वळून अगदी घरातल्या आवाजात म्हणाला, “बेन, सूतो छे.” बाई, झोपलाय तो. पोरं गेली. इराने तोंडावर बोट ठेवलं आणि सबंध रस्ताभर जो भेटेल त्याला “शूऽऽ” करत राहिली. झोपलेल्यासाठी असं गप्प करणं तिला नवीन नव्हतं. तिच्या स्वतःच्या झोपेसाठी आमच्याकडे दाराची बेल काढून ठेवतात, कुकर लावणं लांबणीवर टाकतात, आणि कामवाल्या बाईंनी बादली आपटली तर सगळे मिळून त्यांच्याकडे डोळे वटारतात. झोपलेल्या पोराला उठवू नये हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. तिकीट काढलं की वाघाच्या बाबतीत तेच लोक पैसे वसूल करायला निघतात. मला तर वाटतं, जे प्राणी दिवसाउजेडी उठून सगळ्यांना दर्शन देत फिरतील, त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला हवी.

म्हणून यंदा मी वाघाला हलवणार नाही, इराला हलवणार. फाटक उघडल्या उघडल्या आत. जानेवारीत बडोद्याला सकाळी बरी थंडी असते आणि थंडीत उजाडल्यावर हे प्राणी जरा तरी हिंडतात. सुट्टीचा वार आधी बघून ठेवायचा, कारण प्राण्यांनाही आठवड्याची रजा असते, आणि पुष्कळ ठिकाणी वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपासही असतो. जंगलात रोज कुठे शिकार मिळते, त्या हिशेबाने. सासूबाई असत्या तर त्यांनी वार विचारला असता, आणि तो गुरुवार निघाला असता तर वाघाबद्दलचं त्यांचं मत एकदम चांगलं झालं असतं.

मगरीची मात्र मला काही काळजी नाही. तिला तिकीटही लागत नाही. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर थांबायचं आणि खाली विश्वामित्रीच्या काठाकडे बघायचं. थंडीत सकाळचं ऊन वर आलं की या मगरी चिखलावर येऊन पसरतात. त्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती उन्हातून घ्यावी लागते, त्यामुळे जानेवारीतली सकाळ आणि मगर हे गणित सहसा चुकत नाही. नाही म्हणायला ओळखायला वेळ लागतो. आधी ओंडका दिसतो, मग ओंडक्याला डोळा फुटतो, मग तो जबडा उघडून तसाच ठेवतो. तो राग नसतो, अंग तापलं की त्या असा ‘आ’ करून बसतात. 2025 साली नदीतल्या मगरींची गणती झाली तेव्हा चारशेहून जास्त भरल्या, आणि त्याही भर शहरातून वाहणाऱ्या नदीत. ऑगस्ट 2024 च्या पुरात तर त्याच आमच्या भेटीला आल्या. रस्त्यावर मगर, सोसायटीच्या आवारात मगर, गावातल्याच अकोटा भागात एक थेट छपरावर चढून बसलेली. पाणी ओसरेपर्यंत दारातून वाकून बघितल्याशिवाय आम्ही पाऊल बाहेर टाकत नव्हतो. पुण्याच्या विहिणींना मी फोनवर हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी रंगवते आहे. पुण्याकडे लोक बिबट्याचं सांगतात तेव्हा मी कधी शंका घेतली आहे का?

तेव्हा क्रम असा ठरला. आधी फाटकातून थेट वाघ. वाटेत माकडं नाहीत, पोपट नाहीत, कुठे रेंगाळायचं नाही. मग सिंह. मग हरणं, कारण चितळ आणि काळवीट दिवसा नीट उभे राहून चरतात, आणि झोपाळू मंडळींनंतर कुणीतरी शुद्धीवर असलेलं दिसलं म्हणजे पोराला धीर येतो. पाणघोड्यासमोर बसून खायचं. तिथे थांबावंच लागतं, मग डबा तिथेच उघडावा. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, मऊ गुळपोळीचे तुकडे, पाणी, कपड्यांचे दोन जोड आणि एक जुना टॉवेल. भाकरवडी आपल्यासाठी, ती लपवून. माकडांच्या जवळपास पिशवीची चेनसुद्धा उघडायची नाही. आमच्या गावची वानरं माणसांच्या पिशव्या माणसांपेक्षा चांगल्या ओळखतात. बाहेर पडताना पुलावर मगर, आणि बाराच्या आत घर. दुपारचं काहीही ठेवायचं नाही. बागेतच म्युझियम आहे, त्यात 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सुमारे 70 फुटी सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे. हे दोघे तरी कुठे उठून जाणार नाहीत. तरीही ते मी सोडून दिलं, कारण एकची झोप मोडली तर संध्याकाळी आपल्याच घरात प्राणिसंग्रहालय होतं.

हा सगळा बेत वहीत उतरवून, त्याचा फोटो काढून सुनेला पाठवला. तिचं उत्तर आलं, “आई, छान जमलंय. फक्त एक, ती आता दुपारी झोपत नाही. पाळणाघर सुरू झाल्यापासून बंदच झालं.”

ह्यांना वाचून दाखवलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “मग दुपारी देवमासा बघा. उत्तम.”

“बघा म्हणजे? तुम्ही?”

“मी एक ते तीन झोपतो,” हे म्हणाले. “मला कुणी उठवायचं नाही.”