दारावर टांगलेली पाटी

टोकियोत मी तीन महिने राहिले आणि त्या तीन महिन्यांतली सर्वांत ठळक आठवण कोणती असे कुणी विचारले, तर माझ्या डोळ्यांसमोर कचऱ्याची एक पिशवी उभी राहते. सप्टेंबरच्या मध्यावर कार्यालयाच्या कामासाठी मी तिथे गेले. सुगिनामी या प्रभागात, आसागाया स्थानकापासून चालत बारा मिनिटांवर, सहा बिऱ्हाडांच्या एका जुन्या दुमजली इमारतीत मला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली होती. शिंजुकूहून नारिंगी पट्ट्याच्या चुओ मार्गावरच्या जलद गाडीने आसागाया दहाएक मिनिटांवर आहे. मात्र शनिवार-रविवारी ही जलद गाडी आसागायाला थांबत नाही, हे पहिल्याच शनिवारी गाडी स्थानक ओलांडून भरधाव पुढे गेली तेव्हा कळले. घर देणाऱ्या मंडळींनी चावी दिली, गॅस कसा सुरू करायचा ते दाखवले, न्हाणीघरातल्या गरम पाण्याची बटणे समजावली. कचऱ्याविषयी मात्र अवाक्षर काढले नाही. त्याचा राग मला आजही आहे, कारण परक्या शहरात नव्याने आलेल्या माणसाला सर्वांत आधी सांगायला हवी ती हीच गोष्ट.

पहिल्या मंगळवारी सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर पिवळ्या जाळीखाली पिशव्या ठेवलेल्या दिसल्या, म्हणून मीही माझी पिशवी तिथे नेऊन ठेवली. चार दिवसांचा सगळा कचरा तिच्यात एकत्र होता: भाजीची देठे, दुधाचे खोके, पाण्याच्या बाटल्या, एक पत्र्याचा डबा, औषधाची रिकामी पाकिटे. संध्याकाळी परतले तेव्हा कोपरा लख्ख झाडलेला होता आणि तिथे एकच पिशवी उरली होती, माझी. तिच्यावर एक स्टिकर चिकटवलेला होता. त्यावरचे एकही अक्षर मला वाचता येत नव्हते, पण अर्थ कळायला अक्षराची गरज नव्हती. पिशवी पारदर्शक होती, कारण तिथे तशीच लागते, आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माझे चार दिवसांचे जेवण आणि माझी औषधे त्या पिशवीतून दिसली असणार, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पिशवी उचलून मी जिना चढले आणि ती रात्र तिच्या वासासोबत काढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी दारात उभ्या होत्या. वय ऐंशीच्या आसपास असावे, पाठ किंचित वाकलेली, अंगात निळा एप्रन. 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणत त्या दोनदा झुकल्या. माझी पिशवी उंबऱ्याजवळच होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला खूण करून त्या खाली घेऊन गेल्या आणि आपल्या स्वयंपाकघराच्या दारात वर्तमानपत्र पसरून त्यांनी त्यावर स्वतःचा कचरा मांडला. परक्या बाईची पिशवी उघडण्याचा संकोच त्यांनी स्वतःची पिशवी उघडून टाळला, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि ध्यानात आल्यावर माझा घसा दाटून आला.

त्यांनी दुधाचे खोके घेतले, पाण्याने विसळले, कात्रीने शिवणीवरून कापत नेले आणि तळ उलगडून त्याचा एक सपाट पांढरा कागद केला. तो त्यांनी चिमट्याने दोरीवर लावला. दोरीवर तसे आणखी तीन कागद वाळत होते. मग बाटली घेतली. तिच्या वेष्टनावर बारीक छिद्रांची एक उभी रेघ असते, त्या रेघेवरून ओढले की सबंध वेष्टन एका झटक्यात सुटते. टोपण एकीकडे, वेष्टन एकीकडे, आणि विसळलेली बाटली टाचेखाली दाबून तिसरीकडे. टोपण आणि वेष्टन यांवर 'पुरा' अशी दोन अक्षरे चौकटीत छापलेली असतात, म्हणजे ती प्लॅस्टिकच्या वेष्टनांत जायची. काच फुटली तर ती जाड कागदात गुंडाळून वर 'किकेन', म्हणजे 'धोका', असे लिहायचे, म्हणजे उचलणाऱ्याचा हात कापणार नाही. हा शब्द त्यांनी माझ्याकडून पाच वेळा लिहून घेतला. शेवटी प्रभागाचे चित्रांचे पत्रक काढून माझ्या हाती दिले. त्यावर लाल पेन्सिलीने वार खुणावलेले होते: मंगळवारी आणि शुक्रवारी जळणारा कचरा, गुरुवारी प्लॅस्टिक, बुधवारी कागद, बाटल्या आणि डबे, न जळणारा महिन्यातून दोनदा, आणि सगळे सकाळी आठच्या आत.

त्यानंतर माझा आठवडा त्या लाल खुणांवर चालू लागला. मासळी आणायची ती सोमवारी किंवा गुरुवारी, म्हणजे तिचे अवशेष घरात एका रात्रीपेक्षा जास्त राहत नाहीत. मध्येच आणली तर अवशेष पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे आणि उचलण्याच्या दिवशी सकाळी बाहेर काढायचे. तिथल्या कित्येक घरांत हेच करतात. खोली लहान, स्वयंपाकाचा ओटा हातभर, आणि त्यात चार वेगवेगळ्या पिशव्या. ही गैरसोय खरी आहे आणि तिचे कौतुक करण्याची मला मुळीच इच्छा नाही. सकाळी चुओ मार्गावरच्या गर्दीत उभे राहून दिवसभर काम करणाऱ्या माणसाने रात्री दहाला दुधाची खोकी कापत बसायचे, हा भार आहे आणि तो रोजचा आहे. रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नाहीतच. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून स्थानकांतल्या आणि सार्वजनिक जागांमधल्या कुंड्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. त्यामुळे बाहेर खाल्लेल्याचा कागदही पिशवीत घालून घरी आणायचा. मी एकदा केळ्याचे साल शिंजुकू ते उएनो आणि तिथून परत आसागायापर्यंत हातात बाळगले आहे.

ऑक्टोबरमध्ये क्योतोला दोन दिवस जाऊन आले. देवळे सुंदर होती आणि माणसांमुळे दिसत नव्हती.

आजींशी बोलणे वाढले ते फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने. त्या बोलायच्या, मी पडद्यावर वाचायचे; अर्धे वाक्य भलतेच निघायचे, मग हातवारे. एकदा त्यांना मी विचारले की एवढी काटेकोर शिस्त इथे पहिल्यापासून होती का. त्या जोरजोराने मान हलवून नाही म्हणाल्या आणि म्हणाल्या, 'गोमी सेन्सो.' पडद्यावर शब्द उमटले: 'कचरा युद्ध'. मला वाटले भाषांतर चुकले. ते चुकलेले नव्हते.

1960च्या दशकात टोकियोचा कचरा उपसागराच्या काठाला, पूर्वेकडच्या कोतो प्रभागात नेऊन टाकत. तिथल्या भरावाला नाव होते युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचे बेट. 1965च्या उन्हाळ्यात त्या बेटावर माश्यांचे असे थवे उठले की आसपासच्या वस्तीत राहणे अशक्य झाले आणि शेवटी कचऱ्याचा तो डोंगरच पेटवून द्यावा लागला. प्रत्येक प्रभागाने आपला कचरा आपल्या हद्दीत जाळावा, अशी कोतोची मागणी होती, आणि सुगिनामीत ताकाइदो येथे भट्टी उभारण्याचे ठरलेही होते. पण तिथल्या रहिवाशांनी तिला कडाडून विरोध केला. सप्टेंबर 1971मध्ये टोकियोचे राज्यपाल र्‍योकिची मिनोबे यांनी 'कचरा युद्ध' जाहीर केले. तरी भट्टीचा प्रश्न सुटेना, तेव्हा मे 1973मध्ये कोतोच्या लोकांनी रस्त्यावर उतरून सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. आजी तेव्हा नुकत्याच लग्न होऊन या गल्लीत आल्या होत्या. गाड्या येईनात तेव्हा पिशव्या अंगणात कशा रचून ठेवल्या, सासूबाईंनी त्यांवर राख कशी टाकली, हे त्यांनी मला हाताने ढिगाची उंची दाखवून सांगितले. शेवटी 1974मध्ये तडजोड झाली आणि 1982मध्ये ताकाइदोची भट्टी पूर्ण झाली.

नोव्हेंबरमधल्या एका सुट्टीच्या दिवशी मी ताकाइदो पाहायला गेले. किचिजोजीला गाडी बदलून इनोकाशिरा मार्गाने ताकाइदोला उतरले की उंच धुराडे दिसतेच. जुनी भट्टी पाडून नवी 2017मध्ये बांधून झाली आहे. मी कुंपणाबाहेर बराच वेळ उभी राहिले. धूर दिसत नव्हता, वास येत नव्हता, आणि शेजारच्या लोकवस्तीत दोरीवर कपडे वाळत होते. कचरा जाळून निघणाऱ्या उष्णतेवर इथे वीज तयार होते आणि जवळच्या नागरी केंद्रातल्या पोहण्याच्या तलावाचे पाणी तापते. या जागेवरून सुगिनामीचे लोक वर्षानुवर्षे भांडले, आणि त्यांचा कचरा ज्यांच्या दारावरून जात होता ते कोतोचे लोकही भांडले. दोघांचेही म्हणणे मला पटत होते. आपल्या घरातून निघालेली पिशवी कुणाच्या तरी घराजवळ जाऊन पडते, हे मी तोवर शब्दांनी जाणत होते. त्या कुंपणापाशी मला ते धुराड्याच्या उंचीइतके स्पष्ट दिसले. माझ्या शुक्रवारच्या पिशवीतला ओला कचरा मी त्या दिवसापासून जास्त नीट निथळून टाकू लागले, कारण ओला कचरा जळायला जड जातो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी रात्री मी घरी आले, तर माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी टांगलेली होती. हातभर लांब, कडांना गुळगुळीत झालेली, वरच्या भोकातून दोरी ओवलेली, आणि तिच्यावर शाईने लिहिलेली फिकट अक्षरे. मी पाटी घेऊन खाली गेले. आजींनी ती वाचून दाखवली: 'तोबान', म्हणजे पाळी. कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या जागेची देखभाल आळीपाळीने प्रत्येक घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर ती पाटी. तात्पुरत्या राहणाऱ्यांना सहसा यातून वगळतात, असे त्यांनी सांगितले, आणि या वेळी आपण सगळ्यांना विचारून तुझे नाव यादीत घातले, असेही सांगितले. मी तिथे भाड्याने राहणारी, भाषा न येणारी, दोन आठवड्यांत निघून जाणारी बाई होते. कामाच्या ठिकाणी मला मेजवान्या मिळाल्या, भेटवस्तू मिळाल्या, अदबीने झुकून केलेले स्वागत मिळाले. पण त्या शहरात माझे कुणी असल्याचे मला वाटले ते ती पाटी हातात आली तेव्हा.

तो आठवडा मी मनापासून केला. पहाटे साडेसहाला जाळी पसरायची, कारण उजाडताच कावळे येतात. टोकियोचे कावळे थोराड, जाड चोचीचे आणि फार हुशार. जाळीची कड दुमडलेली राहिली तर दोघे मिळून ती वर ओढतात आणि पिशवी फाडतात. 2001पासून महानगर प्रशासनाने त्यांच्याविरुद्ध मोहीमच चालवली आहे. मी जाळीच्या चारही कडांवर पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्या. गाडी आली की दोन कामगार उड्या मारून उतरायचे, पिशव्या धावत धावत आत टाकायचे आणि माझ्याकडे पाहून 'ओहायो गोझाइमासु', म्हणजे 'सुप्रभात', म्हणायचे. ते गेल्यावर जाळी घडी करून बांधायची आणि कोपरा झाडायचा. नाकासुगी रस्त्यावरच्या केयाकीच्या झाडांची तांबूस पाने वाऱ्याने आमच्या गल्लीपर्यंत यायची, त्यामुळे झाडून होते न होते तोच पुन्हा पाने. रविवारी रात्री मी पाटी शेजारच्या दारावर टांगली. तिथे राहणाऱ्या मुलाशी माझे तीन महिन्यांत एकदाही बोलणे झाले नव्हते. सोमवारी जिन्यात तो थांबला आणि झुकला.

निघण्याच्या आधी घडीची एक खुर्ची उरली होती. तीस सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू म्हणजे 'सोदाई गोमी'. तिच्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किरकोळ वस्तूंच्या दुकानातून, शुल्काचे स्टिकर आणावे लागतात, 200 येनचे किंवा 300 येनचे. स्टिकरवर नाव लिहायचे असते. काताकाना लिपीत माझे नाव आजींनी लिहून दाखवले आणि मी ते पाहून लिहिले.

माझे विमान गुरुवारी होते आणि स्वयंपाकघरात बुधवार रात्रीची चहापत्ती, एका संत्र्याची साल आणि अंड्याची टरफले उरली होती. जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस शुक्रवार. ती लहानशी पिशवी सामानात घेऊन विमानतळावर जायचे आणि तिथे कुंडी शोधायची, असे मी ठरवले होते. सकाळी सातला किल्ल्या हातात घेऊन मी जिना उतरले तेव्हा आजी एप्रन बांधून दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली, दोन्ही हात पुढे करून ती घेतली, तोंडाची गाठ ओढून पाहिली आणि आपल्या दाराशी, स्वतःच्या पिशवीशेजारी ठेवली.

'आशिता,' त्या म्हणाल्या. उद्या.