नकाशात नसलेला चौथा मजला

गेल्या पावसाळ्यात सोळा सभासदांच्या एका गृहनिर्माण संस्थेने पुनर्विकासासाठी देकार दिलेल्या तीन विकसकांची पूर्वीची कामे आणि परवानग्या तपासण्याचे काम माझ्याकडे सोपवले. पुण्यात वास्तुविशारद म्हणून मी असे अहवाल नेहमी देते. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नाव शोधले आणि तक्रार दिसली नाही की तपासणी झाली, असा बहुतेक समित्यांचा समज असतो. तिथे मुख्यतः फर्मचा इतिहास सापडतो, आणि आपल्याकडे बरेच विकसक जवळजवळ प्रत्येक भूखंडासाठी नवी भागीदारी फर्म काढतात.

सभासदांना सर्वांत जास्त चटईक्षेत्र, म्हणजे घरातली वापरायची जागा, देऊ करणारी फर्म तीन वर्षांपूर्वीची होती. नावावर एकच प्रकल्प, तक्रार एकही नाही. रेरा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रवर्तकाने, म्हणजे विकसकाने, गेल्या पाच वर्षांतील प्रकल्पांचा तपशील द्यायचा असतो. त्याआधीचे कोणी विचारत नाही. मुख्य भागीदार पन्नाशी ओलांडलेले होते आणि त्यांनी आयुष्यात एकच इमारत बांधली असेल, हे मला पटेना. अशा वेळी मी प्रकल्पाच्या नोंदीतले स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नाव पाहते, कारण फर्म बदलली तरी इंजिनिअर सहसा बदलत नाही. हे गृहस्थ माझ्या ओळखीचे निघाले आणि त्यांनी आढेवेढे न घेता याच भागीदाराच्या, सुमारे दहा वर्षांपूर्वीच्या, सिंहगड रस्त्याकडच्या इमारतीचा सर्व्हे नंबर सांगितला. इमारत आठ सदनिकांची होती, आणि आठपर्यंत सदनिका असतील तर महारेराची नोंदणीच लागत नाही.

त्या इमारतीच्या संचिकेसाठी महापालिकेकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज केला. तीस दिवसांची मुदत जवळजवळ पूर्ण वापरून कागद हाती आले. अशा संचिकेत मी शिक्क्यांच्या आधी तारखा पाहते. बांधकाम परवानगी एक वर्षाची असते आणि दरवर्षी नूतनीकरण करून आणखी तीन वर्षेच वाढते. पाया भरून जोते, म्हणजे इमारतीचा जमिनीलगतचा चौथरा, झाले की सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) जागेवर मोजून जोते तपासणीचा दाखला मिळतो, आणि काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्यावर भोगवटापत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी. या संचिकेत परवानगी होती, एक नूतनीकरण होते, जोत्याचा दाखला होता. त्यापुढे एकही कागद नव्हता. मंजूर नकाशात खाली पार्किंग आणि वर तीन मजले होते, प्रत्येकी दोन, म्हणजे सहा सदनिका.

जागेवर गेले तर वर चार मजले उभे. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा आणि आजी राहत होते. मी येण्याचे कारण सांगितल्यावर आजोबांनी देवघराच्या खालच्या कप्प्यातून लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. कोपऱ्याला हळदीचा डाग होता. “हे आमचं भोगवटापत्र. बिल्डरनं पझेशनच्या दिवशी स्वतः आणून दिलं.” तो जोते तपासणीचा दाखला होता. जोते बरोबर आखले आहे, एवढेच तो सांगतो. वर किती मजले चढले याच्याशी त्याचा संबंध नाही. महापालिकेचे बोधचिन्ह आणि गोल शिक्का पाहून सामान्य माणूस विश्वास ठेवतो, याचा असा फायदा घेणे हा माझ्या मते सरळ विश्वासघात आहे.

“मॅडम, कागद बरोबर आहे ना आमचा?” आजोबांनी विचारले.

मी म्हणाले, “काका, याचा फोटो काढू का?”

अहवालात मी सारे लिहिले. समितीच्या बैठकीत सचिव म्हणाले, “पण ही फर्म तर वेगळी आहे.” मी दोन्ही भागीदारी पत्रांवरच्या सह्या शेजारी ठेवल्या. तो देकार एकमताने बाद झाला. माझे शुल्कही वेळेवर जमा झाले.

आजोबांना मात्र मी काहीच सांगितले नव्हते. मी दुसऱ्या अशिलाच्या कामावर होते, हे कारण मी स्वतःला देते आणि ते पुरत नाही. त्यांचे घर मंजूर नकाशात नाही. ते विकायला काढले तर खरेदीदाराची बँक भोगवटापत्र मागेल आणि तेव्हा सगळे उघडे पडेल. भूखंडावर चटईक्षेत्र निर्देशांक (किती बांधता येईल याचे प्रमाण) शिल्लक असेल, तर प्रशमन शुल्क, म्हणजे तडजोडीचा आकार, भरून तो मजला नियमित करून घेण्याची वाट कदाचित मोकळी असेल. रस्त्याची रुंदी आणि मागच्या बाजूचे सामासिक अंतर मी सध्या संचिकेवरून पडताळते आहे. हे गणित पुरे झाले की येत्या रविवारी मंजूर नकाशाची प्रत घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.