आबाजींची अमेरिकन शेगडी

आमच्या स्वयंपाकघरात एक पांढरं लोखंडी कपाट होतं. त्याच्या पोटात आजी कुरड्या, पापड आणि सरगुंडे ठेवायची. खालच्या खणात विळा, पाट्याला टाकी लावायची छिन्नी आणि कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका. वर फळी टाकून लोणच्याच्या बरण्या. फळीखाली जिलब्यांसारखी चार काळी वेटोळी आहेत आणि पाठीला एक बंद घड्याळ आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ही विजेची शेगडी आहे आणि ती अमेरिकेहून आली, हे कळायला मला आयटीआयला वायरमन ट्रेडला जावं लागलं. तोवर ते कपाटच होतं.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, यवतमाळला अमेरिकन मिशनऱ्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. सत्तरच्या दशकात साहेब मायदेशी निघाले तेव्हा पगारासोबत ही शेगडी त्यांना देऊन गेले. शकुंतलेनं, म्हणजे आमच्या त्या वाफेच्या नॅरोगेज गाडीनं, ती दारव्हा-मोतीबागेला उतरली आणि तिथून बैलगाडीनं गावात. सोबत एक राखाडी रंगाची जड पेटीही होती. गावात तेव्हा वीज म्हणजे घरटी दोन बल्ब. शेगडी लावणार कशाला? ती कोपऱ्यात बसली आणि पेटीतलं तांबं काकांनी पुढे केव्हातरी विकून टाकलं. ती पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेज बदलून देणारं यंत्र होतं. काकांवर माझा राग नाही, पण पुढचा निम्मा त्रास त्या तांब्यापायी झाला हे इथे नोंदवून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी घर बांधायला काढलं. आईला ओटा, टाइल्स, सगळं नवीन हवं होतं. भंगारवाला आला, त्यानं कपाट हलवून पाहिलं आणि किलोचा भाव सांगितला. आजी बाजेवरून म्हणाली, "याच्यावर तुह्या आबाजीनं बारा वर्स साहेबाले खाऊ घातलं. अन् तू किलोनं देऊन रायला?" विषय तिथेच संपला. मी म्हटलं, मग चालूच करतो.

फळी काढून, पुसून पाहिल्यावर नाव वाचता आलं: जनरल इलेक्ट्रिक. मागच्या पाटीवर ११८/२३६ व्होल्ट, ६० सायकल (विजेची सेकंदाला ६० आवर्तनं; आपल्याकडे ५०). वर ४ शेगड्या, म्हणजे तीच वेटोळी, खाली ओव्हन, आणि पाठीच्या पट्टीवर प्रत्येक शेगडीला ५ बटणं: हाय, २, ३, लो, वॉर्म. बटणं असलेल्या शेगड्या ही १९५० च्या दशकातली फॅशन.

तालुक्याला एका दुकानात फोटो दाखवले. तो म्हणाला, "आतलं सगळं काढून टाका, गॅसचे बर्नर बसवून देतो, वरून जुनंच दिसेल." तसं करायचं असतं तर भंगारवालाच बरा होता.

पहिली चूक मी माझ्या वायरमनकीच्या घमेंडीत केली. टर्मिनलला तीन पेच होते. बाहेरच्या दोन्हीत मिळून २३६ व्होल्ट लागतात, आपल्याकडे फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यात २३० असतात, मग लावा दोन वायरी, झालं. लावल्या. टेस्टर दाराच्या मुठीला टेकवला तर लखलखीत पेटला. नशीब, शेगडी लाकडी पाटावर होती आणि माझ्या पायात चप्पल होती.

कारण कळायला दोन रात्री गेल्या. अमेरिकेत घरात दोन गरम, म्हणजे जिवंत, तारा येतात आणि मधे न्यूट्रल. गरम तारांमध्ये मिळून २४०च्या आसपास, एकीत आणि न्यूट्रलमध्ये १२०. मोठी कॉइल २४०वर, दिवा आणि घड्याळ १२०वर. जुन्या काळी तिथे मधला न्यूट्रलच शेगडीच्या अंगाला तांब्याच्या पट्टीनं जोडून द्यायचे, वेगळं अर्थिंग नसायचं. मी मधला पेच मोकळा सोडला होता. त्यामुळे ओव्हनच्या दिव्यातून फेज सरळ मधल्या पेचावर, तिथून पट्टीनं पत्र्यावर. कुणाकडे अशी जुनी अमेरिकन शेगडी असेल तर सगळ्यात आधी ती पट्टी काढा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

पट्टी काढली. अंगणात मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं, पत्र्याला हिरवी वायर जोडली आणि लाइनवर ३० मिलिअँपचा ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवला. स्विच टाकला की ईएलसीबी पडे. चारही शेगड्यांना, दर वेळी.

ही दुसरी अडचण मात्र मला आवडली, कारण तिच्यात दोष कुणाचाच नव्हता. त्या वेटोळ्यांच्या नळीच्या आत निक्रोमची तार असते आणि तार आणि नळी यांच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. पूड वीज अडवते, उष्णता जाऊ देते. पण वर्षानुवर्षं न तापलेली पूड टोकांकडून हवेतला ओलावा ओढून घेते आणि मग वीज झिरपते. चाळीसेक पावसाळे त्या शेगड्यांनी लोणच्याखाली काढले होते. मेगर (वीज किती झिरपते ते दाखवणारं मीटर; आकडा जितका वर तितकं चांगलं) लावला तर काटा जवळजवळ शून्यावरच.

मे महिना होता. यवतमाळच्या उन्हाचा काही उपयोग करायचा असेल तर तो हाच. चारही शेगड्या आठ दिवस टिनावर ठेवल्या. आई म्हणायची, वाळवणासोबत वाळू दे. मग विटांवर मांडून २०० वॉटच्या बल्बशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून, सहा-सहा तास कोमट केल्या. त्यानंतर बल्ब काढून पाणी तापवायचा रॉड सिरीजला घेतला. रॉड बादलीत, शेगडी विटेवर, घरात कुणी जवळ फिरकायचं नाही असा दम. टोकांतून बारीक वाफ निघताना दिसली. चार दिवस सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी याच कामात तापलं. तीन शेगड्या २ मेगओहमच्या वर गेल्या. चौथीचं पुढे सांगतो.

आतलं वायरिंग हा न टळणारा भाग. त्या काळच्या वायरींवर अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड असतं, आणि ते ठिसूळ झालं होतं. त्याची धूळ फुफ्फुसात जाणं वाईट. ती कोरडी घासायचीही नाही आणि फुंकायचीही नाही. मी तोंडाला चांगला मास्क बांधून, फवारणीच्या छोट्या पंपानं पाणी मारत, वायरी न तोडता सगळा जुडगा एकदाच काढला आणि दुहेरी पिशवीत बांधला. नव्या काचतंतूच्या उष्णता सोसणाऱ्या वायरी नागपूरहून आणल्या. शेगडीचा हा एकच अवयव असा, ज्याच्या मूळ रूपाची मला अजिबात ओढ नव्हती.

आता काकांनी विकलेलं तांबं. बटणांची गंमत अशी की प्रत्येक शेगडीत दोन कॉइल असतात. हायला दोन्ही समांतर, पूर्ण ताकद. २ नंबरला एकच कॉइल, म्हणजे निम्मी. ३ला दोन्ही एकामागे एक, म्हणजे चौथाई. लो आणि वॉर्मला जोडणी २ आणि ३सारखीच, पण व्होल्टेज निम्मं, त्यामुळे ताकद त्यांच्या चौथाई, म्हणजे एक अष्टमांश आणि एक षोडशांश. मधला ११५ व्होल्टचा पेच जिवंत नसेल तर शेवटची दोन बटणं मेली. दिवा आणि घड्याळही मेलं. दूध आटवायला तर तीच बटणं हवीत.

आमच्या भागात विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की ती भरून देणारे वाइंडिंगवाले गावोगाव आहेत. दारव्ह्याच्या भाऊंकडे गेलो. त्यांनी कागदावरची आकृती पाहिली, पान थुंकून आले आणि म्हणाले, "मधात टॅप पाह्यजे न? २३० च्या मधात ११५. मी पाच एचपीची मोटार भरतो, हे तं पोरखेळ आहे." वजा-बेरीज करून १ केव्हीएचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर (एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर) ठरला, कारण मधल्या तारेवर फक्त मंद आच, दिवा आणि घड्याळ. जाता जाता मी १०० व्होल्टचा एक जास्तीचा टॅप, म्हणजे गुंडाळीतून मधेच काढलेली तार, मागितला. ते का, असं त्यांनी विचारलं नाही, पण पैसे दोनशे जास्त घेतले.

तो टॅप घड्याळासाठी. ६० सायकलची मोटार ५० सायकलवर चालवली तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात, ६ ला ५ असं, उतरवावं लागतं. नाहीतर ती तापते. म्हणून १२०चे १००. घड्याळ आधी फिरतच नव्हतं. त्याचा रोटर पितळी डबीत बंद असतो आणि आत तेल असतं, ते चिकट होऊन बसलं होतं. डबीला १ मिलिमीटरचं भोक पाडलं, गरम केली, सुईनं शिलाई मशीनचं तेल सोडलं, डाग देऊन भोक बंद केलं. दुसऱ्या दिवशी लाल सेकंदकाटा चालायला लागला. पन्नास वर्षांनी! मी आजीला हाताला धरून आणलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मांगं चाल्लं हे."

बरोबर होतं. अशी मोटार व्होल्टेजवर नाही, सायकलवर धावते. ६०च्या जागी ५० मिळाल्या की खऱ्या तासाला ती ५० मिनिटंच दाखवते. यावर उपाय आहे, ६० सायकल तयार करणारं छोटं सर्किट मिळतं. मित्रानं दाखवलंही. मी ते बसवलं नाही. बंगल्यावरही वीज ५०चीच होती, म्हणजे आबाजींच्या काळातही हे घड्याळ मागंच पडत असणार. तेच त्याचं मूळ चालणं. भाजायला ठेवताना घड्याळावर ५० मिनिटं लावली की खरा तास होतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

बाहेरचं अंग सोपं जाईल असं वाटलं होतं. पांढरं एनॅमल म्हणजे पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काच. रंग नव्हे. खायच्या सोड्याची पेस्ट आणि मऊ फडकं एवढ्यानं बहुतेक डाग गेले. पण मी नागपूरला गेलो त्या दिवशी आईनं कौतुकानं खालच्या खणाचं दार चिंचेनं घासलं, पितळेचं घासतो तसं. सगळ्याच एनॅमलला आंबट सोसत नाही. चकाकी गेली, वीतभर जागा खडूसारखी झाली. ती परत येत नाही. आईला मी काही बोललो नाही, आईही मला काही बोलली नाही.

क्रोमच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासल्या आणि गंज निघाला. यात पैसे लागत नाहीत, मनगट लागतं. दाराची मूठ आणि नावाचा बिल्ला मात्र जस्ताच्या ओतकामाचे. त्यांना पुटकुळ्या आल्या होत्या. नागपुरात बुलेटचे मडगार्ड क्रोम करणाऱ्या एकाकडे दिले. मूठ बरी झाली. बिल्ला त्यानं इतका बफ केला की अक्षरं अर्धी पुसली गेली. वर म्हणतो, "चमक पाह्यली का?" बिल्ला द्यायलाच नको होता. पुटकुळ्या असलेला पण वाचता येणारा बिल्ला शंभरपट बरा. ओव्हनच्या बेकलाइट नॉबला पडलेली चीर मी त्यामुळेच तशीच ठेवली.

लाइनचं थोडक्यात सांगतो. घराचा मंजूर लोड वाढवून घेतला, मीटरपासून ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ३२ अँपचा एमसीबी. तरी नियम असा की ओव्हनसोबत एकच शेगडी. संध्याकाळी पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज १८०वर येतं. तेव्हा २ हजार वॉटची शेगडी जेमतेम साडेअकराशे वॉट देते, कारण व्होल्टेज पाऊण झालं की ताकद जवळपास निम्मी होते. त्यामुळे जे काही करायचं ते दुपारी.

पहिल्यांदा ओव्हन तापवला तेव्हा काय भाजायचं यावर घरात वाद झाला. मुलीला केक हवा होता. आजी म्हणाली, रोडगे. ओव्हनच्या नॉबवर आकडे फॅरनहाइटमध्ये. ३५० म्हणजे आपले १७७ सेल्सिअस. आजीनं नॉबकडे पाहिलंच नाही. ताटलीत चिमूटभर कणीक पसरून आत ठेवायला लावली आणि किती वेळात ती बदामी होते ते पाहत बसली. आबाजी असंच करायचे म्हणे, साहेबांच्या आकड्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. कणीक लवकरच करपली. नंतर थर्मामीटरनं तपासलं तर थर्मोस्टॅट ४० अंशांनी पुढे होता. नॉबमागच्या स्क्रूनं तो सरळ केला.

रोडगे चांगले फुलले, खरपूस झाले. वांग्याच्या भाजीशी कुस्करून सगळ्यांनी खाल्ले. आजीनंही दोन खाल्ले आणि मग म्हणाली, "गवरीचा वास नाई बाप्पा याले."

मागची उजवी शेगडी मेगरवर काही केल्या चढली नाही, आणि तिच्या बटणांचे संपर्कही जळालेले आहेत. तशाच बटणांचा जुना संच शोधतो आहे, अजून मिळालेला नाही. तोवर आजीनं त्या वेटोळ्यावर तिची छोटी फळी टाकून घेतली आहे आणि त्यावर या वर्षीच्या लोणच्याची बरणी ठेवली आहे.