फर्स्ट ते सेकंड, ते नव्वद फूट

२ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलँड. अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेची, वर्ल्ड सिरीजची, सातवी आणि निर्णायक मॅच शिकागो कब्जनी क्लीव्हलँडविरुद्ध दहाव्या, म्हणजे जादा इनिंगमध्ये ८-७ अशी जिंकली. १९०८ नंतरचं त्यांचं हे पहिलं जेतेपद. या मॅचचा विषय निघाला की बेन झोब्रिस्टचा डबल (बॅटर थेट सेकंड बेसवर पोहोचतो असा फटका) सगळे आठवतात. माझ्या मते मॅच फिरली ती त्याच्या दोन बॅटर आधी, अल्बर्ट अल्मोराच्या पायांवर.

आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडच्या रजाई डेव्हिसने कब्जच्या पिचर (चेंडू टाकणाऱ्या) चॅपमनला लेफ्टच्या १९ फुटी भिंतीवरून होमरन मारून ६-६ केलं होतं. चॅपमन थकलेला होता: पाचव्या मॅचमध्ये ४२ पिच (चेंडू), सहाव्यात २०, आणि आता पुन्हा मैदानात. डेव्हिसने बॅट मुद्दाम वरून धरली होती, म्हणजे वेगवान चेंडूवर हात लवकर यावा. नवव्यात कब्जचा रनर थर्डवर, घराआधीच्या शेवटच्या बेसवर होता, एकच आउट, तरी धाव आली नाही. कब्जच्या बाएसने दोन स्ट्राइक (तिसऱ्याला बॅटर आउट) असताना बंट केला, म्हणजे चेंडू बॅटने नुसता अडवला, आणि तो फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेला. अशा वेळी बॅटर थेट आउट होतो. मग पाऊस आला आणि १७ मिनिटं खेळ थांबला.

दहाव्याची सुरुवात कब्जच्या श्वार्बरच्या सिंगलने (फर्स्ट बेसपर्यंतच्या फटक्याने) झाली. एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले होते, त्यामुळे त्याच्या जागी धावायला अल्मोरा आला. ब्रायंटने सेंटरला खूप खोल फ्लाय (उंच उडालेला चेंडू) मारला.

क्रिकेटमध्ये झेल घेतला की चेंडू मेला. बेसबॉलमध्ये तो जिवंतच राहतो. झेल होईपर्यंत बेसला पाय लावून थांबायचं, चेंडू ग्लोव्हमध्ये शिरला की सुटायचं, हा टॅग-अप. क्षणभर आधी पाय सुटला आणि समोरच्यांनी अपील केलं, तर रनर आउट. फर्स्टवरचे रनर अशा फ्लायवर बहुतेकदा अर्ध्या वाटेत जाऊन उभे राहतात, म्हणजे झेल सुटला तर घरापर्यंत पळता येईल. पण झेल घेतला गेला की त्यांना मुकाट्याने मागे यावं लागतं. अल्मोराने चेंडूची खोली हेरली, फर्स्टवर पाय रोवून उभा राहिला आणि झेल होताच नव्वद फूट पळून सेकंड गाठला. किती शांत डोकं लागतं याला, आणि तेही सातव्या मॅचच्या दहाव्या इनिंगमध्ये!

तो फर्स्टवरच राहिला असता तर क्लीव्हलँडचा पिचर ब्रायन शॉ पुढच्या बॅटरशी, रिझोशी लढला असता. एका ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या चेंडूवर) डबल प्ले, म्हणजे एकदम दोन आउट होऊन इनिंग संपू शकली असती. पण आता फर्स्ट रिकामा झाला होता. म्हणून क्लीव्हलँडने रिझोला मुद्दाम वॉक (न मारता फुकट फर्स्ट बेस) दिला, आणि समोर आला झोब्रिस्ट. दोन स्ट्राइक असताना बाहेरचा कटर (किंचित वळणारा वेगवान चेंडू) त्याने थर्ड बेसच्या रेषेलगत ढकलला. अल्मोरा घरी, ७-६. पुढे रसेललाही वॉक दिला, मोंतेरोने सिंगल मारला आणि रिझो घरी आला, ८-६.

इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात, क्लीव्हलँडच्या बॅटिंगवेळी, दोन आउटनंतर डेव्हिसच्याच सिंगलवर ८-७ झालं. आता पाळी मायकल मार्टिनेझची. नवव्यात त्याला क्रिस्पच्या जागी आणलं होतं ते राइट फील्डमधून चांगला थ्रो यावा म्हणून, बॅटिंगसाठी नव्हे. ग्राउंडर ब्रायंटकडे, थ्रो रिझोकडे, आउट. मॅच एका धावेने ठरली, आणि कब्जची ती आठवी धाव आणली होती फर्स्ट रिकामा झाला म्हणून बेसवर पोहोचलेल्या रिझोने.