एकाच वर्गात, पण वेगवेगळ्या रांगांत

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की नागपुरातले ओळखीचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात: मुलीसाठी कन्याशाळा बरी, की मुलामुलींची एकत्र शाळा? मी स्वतः दहावीपर्यंत कन्याशाळेत शिकले आणि पुढे अनेक वर्षे एकत्र शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक असणार, असे त्यांना वाटते. माझे उत्तर एकत्र शाळा असेच असते. मात्र त्या शाळेत मुले-मुली खरोखर एकत्र शिकतात का, हे आधी जाऊन पाहावे, असेही मी सांगते; कारण आपल्याकडच्या अनेक शाळा कागदोपत्री सहशिक्षणाच्या असल्या, तरी त्यांच्या एकेका वर्गात प्रत्यक्षात दोन शाळा भरतात.

हजेरीपटापासूनच पाहा. अनेक शाळांत आधी सगळ्या मुलांची नावे येतात आणि ती संपल्यावर मुलींची सुरू होतात. खिडकीकडचे बाक मुलींचे आणि दाराकडचे मुलांचे, ही वाटणी कोणी ठरवलेली नसते, पण पाचवीत आलेल्या मुलाला ती पहिल्याच आठवड्यात कळते. पी.टी.च्या तासाला चेंडू आणि मैदान मुलांच्या वाट्याला जाते, तर मुली झाडाखाली गप्पा मारतात किंवा एका कोपऱ्यात लंगडी-खोखो खेळतात. दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या बाकावर बसवण्याची पद्धत तर मी स्वतः पाहिलेली आहे, आणि मुलीशेजारी बसणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, हे त्या एका शिक्षेतून सबंध वर्ग शिकतो.

राखीपौर्णिमेच्या आसपास वर्गातल्या मुलींकडून मुलांना राख्या बांधून घेण्याचा कार्यक्रम बऱ्याच शाळांत होतो. हेतू चांगला असतो, हे मान्य. पण मुलगा आणि मुलगी यांच्यात बहीण-भाऊ हे एकच नाते शाळेला मान्य आहे आणि ते नसेल तर काहीतरी संशयास्पद आहे, असा अर्थ मुले त्यातून काढतात. गणितातले उदाहरण अडले म्हणून मागच्या बाकावरच्या मुलाची वही मागणाऱ्या मुलीसाठी त्यात जागाच राहत नाही.

केवळ शेजारी बसवून हे मिटत नाही, हे मला प्रयोगशाळेत दिसले. मुलामुलींचे मिश्र गट केले की विद्युत परिपथ जोडण्याचे, ॲमीटर आणि व्होल्टमीटर हाताळण्याचे काम मुलगे आपणहून घेतात. मुली त्यांनी वाचलेले आकडे सुबक अक्षरात प्रयोगवहीत उतरवतात. परीक्षेत मुलींना त्या वहीचे गुण चांगले मिळतात, पण पुढे कधी एकटीने परिपथ जोडायची वेळ आली की हात अडखळतो. मुलींच्या शाळेत हे होत नाही, कारण तेथे सगळी उपकरणे मुलींच्याच हाती असतात. कन्याशाळेच्या बाजूने मला पटणारा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. त्यावर उपाय मात्र साधा आहे. जोडणी कोणी करायची, वाचन कोणी घ्यायचे आणि नोंद कोणी ठेवायची, हे शिक्षकाने दर प्रयोगाला बदलून द्यावे. पहिले काही आठवडे मुले कुरकुर करतात, मग कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा भाग आहे. तो ‘घरी वाचून या’ असे सांगून उरकला जातो, किंवा मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन एखाद्या बाईंकडून शिकवला जातो. मासिक पाळीची माहिती मुलांपासून दडवली, की तिची जागा मधल्या सुट्टीतली कुजबुज आणि मोबाइल घेतात. मी हा धडा दोघांसमोर आणि इतर धड्यांच्याच सुरात शिकवत असे. पहिली दहा मिनिटे खसखस पिकते, त्यानंतर मुले प्रश्न विचारू लागतात आणि ते प्रश्न बहुतेक वेळा समंजस असतात.

मुलींच्या स्वतंत्र शाळांचे ऋण नाकारण्याचा माझा हेतू नाही. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली, तेव्हा मुलींना मुलांच्या शाळेत पाठवण्याचा पर्याय कोणापुढे नव्हताच. आपल्या शहरातल्या १९३२ च्या लेडी अमृतबाई डागा महिला महाविद्यालयाने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एलएडीने, ज्या घरांतून मुली अन्यथा मॅट्रिकनंतर बाहेर पडल्या नसत्या, त्या घरांची दारे उघडली. पण ही गरज मुलींना घराबाहेर काढण्याची होती. मुलींची बुद्धी वेगळी असते, असा तिचा अर्थ नव्हता. १९६० च्या दशकाच्या आरंभी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमात लिंगावर आधारित भेद करू नये आणि प्राथमिक टप्प्यावर सहशिक्षण हीच सर्वसाधारण पद्धत असावी, असे सुचवले होते आणि पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने तिच्या शिफारशी उचलून धरल्या. केरळमध्ये तर २०२२ मध्ये राज्याच्या बालहक्क आयोगाने सर्व शाळा सहशिक्षणाच्या करण्याचा आदेश दिला.

कन्याशाळांचे निकाल चांगले लागतात, हे पालक लगेच पुढे करतात. यात निवडीचा भाग मोठा असतो, कारण अशा शाळांत बहुधा शिक्षणाबाबत जागरूक घरांतल्या मुली येतात. २०१४ मध्ये पाल्के, हाइड आणि ॲलिसन या संशोधकांनी २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पार्श्वभूमीतला फरक विचारात घेतलेल्या अभ्यासांत मुलामुलींच्या स्वतंत्र शाळांचा फायदा नगण्य ठरला. उलट बाजूही सांगायला हवी: दक्षिण कोरियाच्या सोल शहरात, जेथे मुलांना शाळा चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नेमून दिल्या जात, तेथे स्वतंत्र शाळांतल्या मुलामुलींचे प्रवेशपरीक्षेतले गुण काहीसे अधिक आढळले. म्हणून गुणांच्या जोरावर सहशिक्षणाची बाजू मांडणे मला पटत नाही. आपल्या राज्यात दहावीला मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांपेक्षा दरवर्षी जास्तच असते, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुली एकत्र शाळांतल्याच असतात.

मला मोलाचे वाटते ते मुलग्यांचे शिक्षण. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांत झालेल्या एका प्रयोगात सातवी ते दहावीच्या मुलामुलींशी स्त्री-पुरुष समानतेवर वर्गात सुमारे अडीच वर्षे ठरवून चर्चा केली गेली. दोघांच्याही मतांत बदल झाला. वागण्यातला बदल मात्र मुलांमध्ये अधिक दिसला, कारण घरकामाला हात लावायचा की नाही हे ठरवण्याची मोकळीक त्यांना मुलींपेक्षा जास्त असते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. ते चित्र मुलामुलींनी एकाच बाकावर बसून पाहिले, तर त्यावर वर्गात वाद तरी होतो.

पालकांच्या काही शंका मात्र रास्त आहेत. शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे बंधनकारक केली, पण त्यांना आतून कडी आणि नळाला पाणी आहे का, हे स्वतः जाऊनच पाहावे लागते. येण्याजाण्याची सोय, छेडछाडीची तक्रार ऐकून घेणारी शिक्षिका, सातवी-आठवीतल्या मुलींना वाटणारा संकोच, या गोष्टी ‘काळ बदलला आहे’ असे म्हणून झटकून टाकण्यासारख्या नाहीत. जवळच्या एकत्र शाळेत यांतले काहीच नसेल आणि कन्याशाळा असेल तरच मुलगी शिकणार असेल, तर तिने कन्याशाळेत जावे. तेथे मी तत्त्व मध्ये आणणार नाही.

शहरातल्या पालकांचे मात्र मला कोडेच पडते. दिवसा मुलगी कन्याशाळेत हवी, असा आग्रह धरणारे हेच लोक संध्याकाळी तिला नीट-जेईईच्या शिकवणीला पाठवतात, जेथे शंभर-शंभर मुले-मुली एका सभागृहात बसतात आणि सर फळ्यावर लिहून निघून जातात. शिकवणीच्या मालकाने पैसे गुण वाढवण्याचे घेतलेले असतात. मुलामुलींनी एकमेकांशी कसे बोलावे, हे पाहण्याची जबाबदारी त्याची नसते. ती सवय लागायची तर पाचवी ते दहावीच्या वर्गांतच लागते. म्हणून शाळा पाहायला जाल, तेव्हा मुख्याध्यापकांकडे निकालाची टक्केवारी मागण्याआधी एखाद्या वर्गाचा हजेरीपट मागा, पी.टी.च्या तासाला मैदानावर एक चक्कर मारा आणि दहावीच्या वर्गात प्रजननाचा धडा कोण आणि कसा शिकवते, हे विचारा.