स्वारगेट ते बालेवाडी, आईसोबत

२९ डिसेंबर २०२४, रविवार. रात्री बालेवाडीला प्रो कबड्डीची फायनल, हरियाणा स्टीलर्स विरुद्ध पाटणा पायरेट्स. आपली पुणेरी पलटण त्यात नव्हती. मागच्या वर्षीचे चॅम्पियन असून यंदा पहिल्या सहात पण नाही, त्यात कॅप्टन अस्लम इनामदार दुखापतीमुळे मधूनच बाहेर. तरी आई दुपारी चारलाच भगवी ओढणी घेऊन दारात उभी. म्हणलं आई, आज आपली टीम नाहीये गं. "माहितीये मला. फायनल आपल्या गावात आलीये आणि आपण टीव्हीवर बघायची का?" विषय संपला.

घरातून निघालो की स्वारगेट मेट्रोला जाताना नेहरू स्टेडियम लागतं, आणि त्या भिंतीजवळून जाताना मी दरवेळी थोडी हळू चालते. २९ फेब्रुवारी १९९६ ला, मी आठ वर्षांची असताना, बाबा मला शाळा बुडवून तिथे घेऊन गेले होते, वर्ल्ड कपची मॅच, वेस्ट इंडिज आणि केनिया. गेलो होतो लाराला बघायला. केनिया १६६ ला ऑलआउट झाली तेव्हा बाबा म्हणाले चला, लवकर घरी जाऊ आज. आणि मग लारा आठ रनवर गेला, कीपरने कॅच घेतला, आणि माझ्या आजूबाजूची सगळी माणसं, जी सकाळपासून लारा लारा करत होती, ती एकेक करून केनियाची झाली. वेस्ट इंडिज ९३ वर संपली. कुठल्या तरी टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. २००३ ला तीच केनिया सेमीफायनलला भारतासमोर आली तेव्हा भारत जिंकावा असं मनापासून वाटत होतं आणि केनियाची विकेट पडली की पोटात तुटत पण होतं.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ, हे सगळं आता जमिनीखालून, आईला अजून नवल वाटतं. मंडई स्टेशन आलं की ती वर बघते, जणू छतातून भाजीवाल्या दिसणारेत. पुढे सिव्हिल कोर्ट, मग शिवाजीनगरला उतरून बालेवाडीची पीएमटी.

खरी मोठी गोष्ट बसमध्येच आठवत होती, कारण विद्यापीठ चौकात फ्लायओव्हरचं काम चालू आणि बस जागची हलत नव्हती. पुण्याच्या टीमवर प्रेम करणं अवघड असतं, कारण त्या राहतच नाहीत. २०१२ ला गहुंजेचं स्टेडियम झालं, आयपीएलची पुणे वॉरियर्स तिथे खेळायला लागली, मी आणि माझा भाऊ एक्स्प्रेसवेच्या त्या बाजूला रात्री बारा वाजता रिक्षा शोधत फिरलोय, आणि २०१३ नंतर टीमच बंद. मग २०१६ ला सुपरजायंट्स, धोनी पुण्याकडून, घरात आनंदीआनंद. दुसऱ्या वर्षी हैदराबादला फायनल, मुंबईचे १२९, आपले १२८. एक रन! आणि मुंबईकडून हरलो हे आणखी वाईट. टीम दोन वर्षांसाठीच होती, ती पण गेली. फुटबॉलची एफसी पुणे सिटी बालेवाडीलाच खेळायची, पहिल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे आला होता, २०१९ ला ती पण गेली आणि तिच्या जागी लीगमध्ये हैदराबादची टीम आली. कपाटात तिन्ही जर्सी आहेत अजून. आई धुवून, घडी घालून ठेवते, टाकू देत नाही.

पलटण मात्र राहिली. २०१४ पासून आहे. पहिले दोन सीझन तर आपला नंबर शेवटचा होता, लोक हसायचे, पण आई एक मॅच सोडायची नाही. ती स्वतः खेळलीये, लग्नाआधी, पेठेतल्या मंडळाकडून, मातीवर. डाव्या गुडघ्यावर अजून वण आहे, लांबट, जुन्या नाण्यासारखा चकचकीत. पुण्याच्या शकुंतला खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यांचं नाव निघालं की आई आजही ताठ बसते. लहानपणी मला झोपवताना ती दम धरून कबड्डी कबड्डी म्हणायची आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून दम कुठे तुटतो ते बघायचे. क्रिकेट मला बाबांनी दिलं, पण पलटण आईची. बाबा गेल्यावर दोन वर्षं घरात टीव्ही फारसा लागला नाही, आणि पुन्हा लागला तो कबड्डीसाठी.

म्हणून १ मार्च २०२४ ची रात्र आमच्याकडे वेगळी होती. परत हैदराबाद, परत फायनल. आधीच्या फायनलला जयपूरने हरवलेलं, ३३-२९, ते पण डोक्यात होतंच. पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले तेव्हा आई उभी राहिली ती मॅच संपेपर्यंत बसली नाही. २८-२५, हरियाणाला हरवून आपण चॅम्पियन. तिने देवापुढे साखर ठेवली, मग बाबांच्या फोटोसमोर.

बालेवाडीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, डिसेंबरची मोकळ्यावरची थंडी. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं हे संकुल, आवार एवढं मोठं की गेटपासून हॉलपर्यंत चालताना आईला दोनदा थांबावं लागलं. कणीस घेतलं, लिंबू-तिखट लावून. एक मुलगा म्हणाला, "काकू, आज पलटण नाहीये." आई म्हणाली, "हॉल तर पलटणचाच आहे ना बाळा."

आत गेल्यावर जे बघायचं होतं ते समोर होतं. मोहम्मदरेझा शादलू. मागच्या वर्षी आपल्या डाव्या कोपऱ्यातला बचावपटू, सव्वादोन कोटीच्या वर देऊन आणलेला, कप जिंकवून दिलेला, आणि आज हरियाणाच्या जर्सीत. मला राग यायचा होता, खरंच सांगते, ठरवून आले होते. पण पाटण्याचा रेडर डाव्या बाजूला सरकला की आई माझं मनगट धरायची, "आता बघ, पायाकडे बघ त्याच्या, हाताकडे नको," आणि शादलू एक पाऊल मागे घ्यायचा, रेडरला वाटायचं जागा मिळाली, आणि तो खाली झेपावून घोटा धरायचा. आईची बोटं माझ्या मनगटावर त्याच क्षणी आवळायची, एखादा क्षण आधीच म्हणा. तिच्या शरीराला ते अजून माहितीये. हरियाणाकडूनच शिवम पठारे, मराठी पोरगा, चढाया करत होता, त्याच्या प्रत्येक गुणाला अख्खा हॉल ओरडत होता. ३२-२३, हरियाणाचा पहिला कप.

शादलूने कप उचलला तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या, बऱ्याच वेळ. मी विचारलं, वाईट नाही वाटत का गं? "त्याने आपलं काम केलं होतं मागच्या वर्षी. आता त्यांचं केलं." मग ओढणी नीट गुंडाळून म्हणाली, "अस्लमचा पाय बरा झाला पाहिजे फक्त."

परत यायला बस मिळेना, कॅब केली. बाणेर रोडवर ती झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. स्वारगेटला नेहरू स्टेडियमपाशी ड्रायव्हरने ब्रेक मारला तशी जागी झाली, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "तुझे बाबा त्या दिवशी तुला खांद्यावर घेऊन घरी आले होते. केनिया केनिया करत."