काकू दुगुनीत

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये. कारण इतकं बारीक आहे की ह्यांना सांगितलं असतं तर हसले असते.

रविवारी दौलतगंजात माझ्या गाण्याच्या काकूंकडे गेले होते. आवळे निवडता निवडता काकू म्हणाल्या, "तू मला दुगुनीत ऐकतेस म्हणे." इतकंच. म्हणजे त्यांचे फोनवर बोललेले निरोप मी दुप्पट वेगानं ऐकते. चिनूनं सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी काहीतरी पुटपुटले. ऑफिस, गर्दी, गाडी चालवताना कानात घालून ऐकते, वगैरे. काकू हसल्या आणि पुढचा आवळा उचलला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

मला काय हौस आहे का? साडेपाचला उठायचं, या थंडीत, बाहेर धुक्यात समोरचं घर दिसत नाही अशा वेळी. दोन डबे, एक पथ्याचा. मग ऑफिस. संध्याकाळी चिनूचं गणित. त्यात फोनवर सगळ्यांचे बोललेले निरोप. माणसांनी लिहायचं सोडूनच दिलंय. सगळ्यांनाच मी दोनच्या वेगानं ऐकते, एकट्या काकूंना नाही. आणि माझं कोण ऐकतं? मी कुणाला तीन-तीन मिनिटं पाठवत नाही. पाठवलं तर पुण्याला तर कुणी उघडायचंही नाही. ते राहू दे.

राग येतोय तो त्या शब्दाचा. 'फास्ट' म्हणाल्या असत्या तर मी विसरून गेले असते. दुगुनीत म्हणाल्या. आणि तो शब्द अगदी बरोबर आहे, हीच पंचाईत. फोनवर 1.5 दिसतं ती आमची आड, 2 म्हणजे दुगुन. पट्टी तीच राहते, नुसती लय वाढते. सहावीत असताना काकूंनी मला चार महिने नुसता तिलवाडा ताल हातावर मोजायला लावला होता. सोळा मात्रा. धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं... बाकीच्या मुली चिजा म्हणायला लागल्या होत्या आणि मी आपली टाळी-खाली करत बसलेली. मला दुगुनीची भारी घाई. "ज्याला ठाय नीट येत नाही त्यानं दुगुनीला हात लावू नये." ठाय म्हणजे मूळची एकपट लय. हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. त्या स्वतः शंकर गांधर्वमध्ये शिकलेल्या, कृष्णराव पंडितांनी 1914 साली काढलेल्या ग्वाल्हेरच्या गाण्याच्या शाळेत, तेव्हा वाक्य कुठून आलं असेल ते वेगळं सांगायला नको. (ग्वाल्हेर घराण्याचं विलंबित गाणंसुद्धा फार संथ नसतं, हे त्यांचं लाडकं बोलणं. "लोक समेची वाट बघत झोपतात, असलं विलंबित आपल्याकडे नाही.") बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी गाणं सोडलं. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. तेही राहू दे.

तर रविवारी रात्री सगळे झोपल्यावर त्यांचा एक जुना निरोप ठायीत लावला. तीन मिनिटं बेचाळीस सेकंद. कामाचं वाक्य एकच: आवळे आलेत, येऊन घेऊन जा. ते मी तेव्हाच ऐकलं होतं आणि 'हो' लिहून मोकळी झाले होते.

बाकीच्या साडेतीन मिनिटांत काय होतं? आधी खुर्ची ओढल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग श्वास. काकू बोलायच्या आधी एक बारीकसा 'हं' घेतात, तबलजीला खूण केल्यासारखा. दुगुनीत तो गिळला जातो, मला आठवतही नव्हता. मध्येच कुकर. "थांब, शिटी होऊ दे," आणि खरंच थांबल्या. पूर्ण शिटी. मागे इतके दिवस मला जी फोनची खरखर वाटायची, तो विजेवरच्या तानपुऱ्याचा डबा होता, चालूच ठेवलेला. म्हणजे अजून रियाजाला बसतात. कुणापुढे? मग सबलगढ. त्यांच्या वडिलांची बदली तिथे होती, आणि छोट्या लाइनच्या गाडीतून, त्या दोन फुटी रुळांवरून जाताना पोरं खाली उतरून बोरं वेचून परत गाडीत चढायची. ही गोष्ट मला पाठ आहे. पण बोरांपाशी त्या थांबतात, दोन-तीन सेकंद, आणि ओठांचा बारीक आवाज होतो. आंबट आठवल्याचा. अंधारात माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गाडी तर 2020 मध्येच बंद पडली.

तो बोरांचा तुकडा मी तीनदा ऐकला. इतकं बरं वाटलं की त्याचाच राग आला. फुकटचं, घरात पडलेलं, आणि मी ते चेपून अर्धं करत होते.

आज ऑफिसातून लवकर सुटले तर महाराज बाड्याच्या चौकात गाडी पुढे सरकेना. लावली कडेला आणि चालत निघाले. तीळ-गुळाची गजक घ्यायची होती. गल्लीतल्या दुकानात ताजी अजून कुटत होते. "दस मिनट लगेंगे, बहनजी." एरवी मी बांधलेला डबा उचलून निघते. आज उभी राहिले, थोडी स्वतःवर उपकार केल्यासारखी. भिंतीतल्या खुंटीला एक पोरगा गुळाचा पाक टाकून ओढत होता. ओढायचा, दुमडायचा, परत टाकायचा. तांबूस दोर बघता बघता सोनेरी आणि मग जवळजवळ पांढरा झाला. मग तीळ, आणि समोरासमोर बसलेले दोघे लाकडी हातोडे घेऊन. एकाचा उचलला की दुसऱ्याचा खाली. एकदाही एकमेकांवर आदळले नाहीत. माझी बोटं पिशवीच्या बंदावर मात्रा मोजायला लागली होती. गजकवाल्यानं बघितलं. मला लाज वाटली आणि मोजणं थांबवलं नाही.

दहाची वीस मिनिटं झाली. ऊन-ऊन गजक अजून लवचिक असते, कुरकुरीत नंतर होते, हे चाळीस वर्षं ग्वाल्हेरात राहून मला आज कळलं!

फार काही बदललंय असं नाही. आज सकाळी बहिणीचा निरोप दुगुनीतच ऐकला, आणि सोसायटीवाल्यांना तर त्याहून जास्त वेग मिळाला असता तर तोही लावला असता. काकूंसाठी आडीवर आले. दीडपट. सकाळच्या घाईत ठाय परवडत नाही, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी पोचले तर गॅलरीत अंधार, आतून तानपुरा. दार वाजवायला हात उचलला आणि ठेवला खाली. जिन्यात बसले थोडी. पायरी बर्फासारखी गार. मग गजकचा डबा वाजल्यासारखं करून आत गेले. गजक मोडताना म्हटलं, "काकू, आता मी आडीत ऐकते."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. काही बोलल्या नाहीत.

आत्ता, हे लिहिताना, त्यांचा निरोप आलाय. सात मिनिटं चौदा सेकंद. सवयीनं बोट दोनवर गेलंच. पहिलं वाक्य: "हं... मी आता... सावकाश बोलत जाईन... म्हणजे तू... दुगुन लावलीस... तरी चालेल."